फ्रेटरच्या सोंगातलं हेर जहाज: किती हत्यारं द्यायची अन् सोंग टिकवायचं कसं

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही चार-पाच जण स्टार फ्लीट बॅटल्स हा अंतराळ जहाजांच्या लढाईचा टेबलावरचा गेम खेळता, त्यात तुम्ही साध्या फ्रेटरच्या, म्हणजे मालवाहू जहाजाच्या सोंगातलं एक हेरगिरीचं जहाज आणलं, आत क्रूझरच्या, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजाच्या तोडीची हत्यारं कोंबली, तरी समोरचा गडी अर्ध्या डावांत त्याला लांबूनच फोडून मोकळा होतो, अन् उरलेल्या अर्ध्यात ते जवळ जाऊन एका दणक्यात समोरच्याचं मोठं जहाज उडवते अन् मग बाकीचे म्हणतात ही बेइमानी आहे. म्हणून तुम्ही विचारलं की हत्यारं वाढवायची का कमी करायची, पॉइंट किती लावायचे, अन् सोंग टिकत का नाही.

आमच्याकडे मी बरीच वर्षं पंच म्हणून बसतो, जहाजं बनवूनही देतो, अन् माझं मत पक्कं आहे. हत्यारं किती हा प्रश्न दोन नंबरचा. असल्या जहाजाचं खरं हत्यार म्हणजे अंतर. समोरचा आपल्या पायाने, आपल्या मर्जीने जवळ आला पाहिजे, अन् तुमच्या शीटवरचा, म्हणजे जहाजाच्या कागदी तक्त्यावरचा प्रत्येक बॉक्स, प्रत्येक युनिट एनर्जी याच कामाला लागली पाहिजे. तुमच्या वर्णनावरून तुमचं जहाज क्रूझर म्हणून बनलेलं आहे, वरून फक्त फ्रेटरचं नाव चिकटवलेलं, म्हणून ते एक तर पकडल्या जाते नाही त सगळ्यांच्या डोळ्यात खुपते.

खऱ्या समुद्रावर हे सगळं होऊन गेलेलं आहे म्हणून आधी ते सांगतो, कारण नियम ठरवताना मी कायम तिकडेच पाहतो. 19 नोव्हेंबर 1941 ला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला सिडनी नावाच्या क्रूझरला एक डच व्यापारी जहाज दिसलं, स्ट्राट मलाक्का नावाचं. प्रत्यक्षात ते कॉर्मोरान होतं, जर्मन नौदलाचं, आत सहा 15 सेंटीमीटरच्या तोफा अन् टॉर्पिडो लपवलेले. सिडनीकडे आठ 6 इंची तोफा, वेग जास्त, चिलखत, नेम धरायची यंत्रणा सगळं सरस. लांब राहून खेळली असती त कॉर्मोरानचं काही चाललं नसतं. पण कॉर्मोरानने झेंड्यांचे इशारे मुद्दाम हळू अन् गचाळ दिले, मालवाहू जहाजावरचे खलाशी देतात तसे, वरून रेडिओवर मदतीचा संदेशही सोडला की एक संशयास्पद जहाज आमच्या मागं लागलं आहे. सिडनी जवळ जवळ येत गेली, शेवटी अंतर दीड किलोमीटरच्या आत आलं. मग सिडनीने गुप्त ओळखखूण विचारली, ती कॉर्मोरानच्या कॅप्टनला, डेटमर्सला, माहीत नव्हती. त्याने डच झेंडा उतरवून जर्मन झेंडा चढवला अन् लगेच मारा सुरू केला. सिडनी गेली, 645 पैकी एकही वाचला नाही. पण कॉर्मोरानही वाचलं नाही, इंजिन गेलं, आग लागली, त्यांनाच ते सोडून बुडवावं लागलं. दोन्हीचे अवशेष 2008 साली सापडले.

या एका लढाईत तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कमजोर जहाजाने तगड्या जहाजाला मारलं ते अंतरामुळे. सोंग फुटलं ते एका साध्या प्रश्नामुळे. अन् जिंकूनही ते जहाज घरी गेलं नाही. जे सोंगाचं जहाज क्रूझरला उडवून स्वतः धडधाकट परत जाते ते चुकीचं बनलेलं आहे, तिथे तुमच्या मित्रांची तक्रार बरोबर आहे.

आता गेमच्या आकड्यात पाहू. साधा फोटॉन टॉर्पिडो लागला की 8 डॅमेज. 9 ते 12 हेक्सवर (हेक्स म्हणजे नकाशावरचं सहा कोनी घर) फाशावर 1 किंवा 2 आला तरच लागतो, 5 ते 8 वर 3 पर्यंत चालते, 3-4 हेक्सवर 4 पर्यंत. म्हणजे चार फोटॉन 12 हेक्सवरून सोडले त सरासरी दहा-अकरा डॅमेज, तेच 4 हेक्सवरून सोडले त एकवीसच्या आसपास. अंतर कमी केलं की हत्यार आपोआप दुप्पट झालं, एक पॉइंटही जास्त न देता. म्हणून माझा सल्ला आहे की चारऐवजी दोनच फोटॉन ठेवा अन् वाचलेले पॉइंट सोंगावर लावा. दोन फोटॉन अन् दोन-तीन फेझर (किरण सोडणारी हत्यारं) 4 हेक्सवरून एका शील्डवर, म्हणजे जहाजाच्या एका बाजूच्या कवचावर एकदम पडले की कोणत्याही जहाजाचा तो टर्न बिघडतो. त्याहून जास्त कोंबलं त एका झटक्यात डाव संपतो अन् समोरच्याला खेळायलाच मिळत नाही, दुसऱ्यांदा तो तुमच्याबरोबर बसणार नाही.

फोटॉन भरायला दोन टर्न लागतात हे तुम्हाला माहीतच आहे. शत्रू दिसल्यावर भरायला घेतले त उशीर झालेला असतो, म्हणून ते आधीपासून भरून धरून ठेवावे लागतात, अन् धरून ठेवायला दर टर्नला एनर्जी जाते. नवीन पोट्टे इथे कुरकुर करतात की मग वेगाला काही उरत नाही. अरे पण उरायलाच नको! फ्रेटर हळूच चालते. जी एनर्जी तुम्ही वेगात घालू शकत नाही तीच टॉर्पिडो धरून ठेवायला वापरायची, म्हणजे तुमचा कमीपणा हाच तुमचा पुरावा बनतो की मी साधं मालवाहू आहे.

सोंग टिकत नाही याचं कारण बहुतेक वेळा शीटवर नसते, वागण्यात असते. भरलेला कापसाचा ट्रक चढावर कसा चढतो अन् रिकामा कसा चढतो हे रस्त्याच्या कडेला बसलेल्या माणसाला न पाहता, नुसत्या आवाजावरून कळते, तसंच इथं आहे. समोरचा खेळाडू हुशार असला त तो तुमचं शीट पाहतच नाही, तो पाहतो की हे फ्रेटर वळलं किती लवकर, वेग किती पटकन वाढवला, धोका दिसल्यावर कुठं पळालं. अंतराळात तर हे जास्तच खरं आहे, तिथे इंजिनाची झळ लपत नाही, झळीच्या तेजावरून जोर किती लागला याचा अंदाज येतो, अन् वेग किती वाढला हे दिसतेच, म्हणजे साध्या शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून जहाजाचं वजन निघते. कागदावर हजारो टन धान्य लिहिलं अन् जहाज रिकाम्यासारखं उडालं त संपलं. त्यामुळे मला नेहमी वाटते की विज्ञानकथेच्या गेममध्ये अदृश्य जहाजापेक्षा सोंगाचं जहाज जास्त खरं वाटते, कारण ते लपतच नाही, सगळ्यांच्या डोळ्यासमोर असते, फक्त पाहणारा चुकीचा अर्थ काढतो.

आमच्या इथला एक डाव सांगतो. आम्ही उन्हाळ्यात, जिनिंग बंद झाली की तिथल्या ऑफिसातल्या मोठ्या टेबलावर खेळतो. कूलरच्या हवेने कागदी काउंटर उडतात म्हणून आम्ही लोखंडी नट वापरतो, ते सहा कोनाचेच असल्यामुळे हेक्सवर बरोबर बसतात अन् कोणत्या बाजूला तोंड आहे हे एका कोपऱ्यावर पेंटचा ठिपका दिला की समजते. त्या डावात सहा फ्रेटर होते, सगळे एकाच मापाचे नट, खालून फक्त नंबर. बारावीतली एक पोरगी क्रूझर घेऊन तपासणीला निघाली. पाच फ्रेटरनी तिला पाहून शेपूट फिरवली अन् आपल्या रस्त्याने निघाले. सहावं हळूच चाललं होतं, संदेशही बरोबर देत होतं, पण ती जसजशी बाजूने फिरत गेली तसतसं ते दर काही इम्पल्सनी (इम्पल्स म्हणजे टर्नचा बत्तिसावा तुकडा) एक एक कोपरा वळत होतं, अन् पेंटचा ठिपका कायम तिच्याकडे. ती म्हणाली, ज्याला पळायचं आहे तो मला पाठ दाखवेल, हा मला तोंड का दाखवून राहिला? अन् तिने 15 हेक्सवरच ब्रेक मारला. हत्यारांचा मारा समोरच्या बाजूलाच असल्यामुळे चालवणारा नाक तिच्याकडे धरून बसला होता. तेव्हापासून मी सोंगाच्या जहाजाची मुख्य हत्यारं बाजूला किंवा मागच्या कोनात मारा करणारी ठेवायला सांगतो. म्हणजे पळण्याचं नाटक करता करता मारता येते, अन् पाठलाग करणारा आपणच जवळ येतो.

या नटांचा दुसरा फायदा, अन् तुमच्यासाठी हाच महत्त्वाचा: तुमच्या लिहिण्यावरून वाटते की तुमच्याकडे ते जहाज वेगळ्या रंगाच्या मॉडेलने दाखवतात. मग कसलं सोंग! टेबलावर सगळी मालवाहू जहाजं एकसारखी पाहिजेत. प्रत्येकाचं एक बंद पाकीट पंचाजवळ, बाहेर नुसता नंबर, आत शीट. चालवणारा दर टर्नला सगळ्याच फ्रेटरचं एनर्जी अलोकेशन, म्हणजे एनर्जी कशावर किती लावली ते लिहून देतो, साध्या फ्रेटरचंही, नाही त ज्या जहाजाला लिहायला वेळ लागतो तेच ते हे समजून जाते. हे काम कंटाळवाणं आहे, मान्य, पण ते टाळलं की बाकी सगळं वाया जाते. अन् एक गोष्ट पंचाने ठरवायची जी कोणालाच सांगायची नाही: काही डावांत सोंगाचं जहाज नसतेच. सगळी पाकिटं साधी. समोरच्याला खात्री असली की सहापैकी एक नक्की आहे, त तो सहाही फोडतो.

फोडण्यावरून आठवलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पाणबुड्यांना फसवायला अशीच जहाजं काढली होती, क्यू-शिप म्हणायचे त्यांना. पाणबुडी एका फुटकळ जहाजावर महाग टॉर्पिडो खर्च करायची नाही, वर येऊन तोफेने बुडवायची, अन् ती वर आली की जहाजाच्या भिंती पडून तोफा बाहेर. त्याआधी काही खलाशी घाबरल्याचं नाटक करत होडीतून पळायचे, अन् खरे तोफेवाले आतच दबून राहायचे. गॉर्डन कॅम्पबेल नावाच्या कॅप्टनने तर फेब्रुवारी 1917 मध्ये फार्नबरो या जहाजावर टॉर्पिडो लागू दिला, जहाज बुडायला लागलं तरी दम धरला, यू-83 अगदी जवळ वर आली तेव्हाच मारा केला अन् तिला बुडवलं. पण असली जहाजं आहेत हे माहीत झाल्यावर पाणबुड्या साध्या जहाजासमोरही वर यायला कचरू लागल्या, खऱ्या व्यापाऱ्यांचा धोका वाढला. तुमच्या मोहिमेतही हेच होऊन राहिलं आहे, समोरचा लांबूनच मारतो कारण निरपराध फ्रेटर मारल्याची त्याला काही किंमत द्यावी लागत नाही. ती लावा. आमच्याकडे न तपासता मारलेलं प्रत्येक साधं मालवाहू जहाज म्हणजे सोंगाच्या जहाजाच्या बाजूला एका क्रूझरच्या अर्ध्या किमतीइतके विजयाचे पॉइंट. तेवढं केलं की लांबून मारणं आपोआप थांबते, अन् जवळ जाऊन विचारपूस सुरू होते.

विचारपुशीचाही नियम हवा. तपासणारा एका टर्नला एकच प्रश्न विचारू शकतो, पंचामार्फत: माल काय, कुठून कुठे, किंवा ओळखखूण. ओळखखुणेचं उत्तर सोंगाच्या जहाजाला डावाच्या आधी पॉइंट देऊन विकत घेता येते, स्वस्त नाही. न घेतली त कॉर्मोरानसारखं, प्रश्न आला की त्याच वेळी ठरवायचं, मारायचं का हात वर करायचे. माझ्या मते सगळ्या डावाचा जीव या क्षणात आहे.

अन् हो, झेंड्याचा नियम. खोट्या झेंड्याखाली फिरणं समुद्रातल्या लढाईच्या रिवाजात चालते, पण गोळी सोडायच्या आधी खरा झेंडा लावावा लागते. मी हे गेममध्ये असं आणलं आहे की ज्या इम्पल्सला सोंग काढतो असं जाहीर केलं त्याच्या पुढच्या इम्पल्सलाच मारता येते, त्याच इम्पल्सला नाही. बत्तीस इम्पल्सपैकी एक म्हणजे काहीच नाही वाटते, पण तेवढ्यात समोरचा आपले फेझर चालवू शकतो, एखादा हेक्स सरकू शकतो, कमजोर शील्ड फिरवून मजबूत समोर आणू शकतो. बेइमानीची तक्रार आमच्याकडे या एका नियमाने संपली.

आता हेरगिरी. इथे तुमचा मूळ घोळ आहे असं मला वाटते, कारण हेर अन् लढवय्या यांना उलट्या गोष्टी पाहिजे असतात. हेराला गप्प बसून ऐकायचं असते अन् कोणाचंच लक्ष नको असते. गेममध्येही ते दिसते, स्काउट म्हणजे टेहळणीच्या जहाजाचे स्पेशल सेन्सर हत्यारं चालवली की आंधळे होतात. म्हणून खरी हेर जहाजं बहुतेक कमी हत्यारांची असतात. अमेरिकेचं प्यूब्लो पाहा, संशोधनाचं जहाज म्हणून फिरायचं, संरक्षणाला दोन मशिनगन, त्याही ताडपत्रीखाली गोठलेल्या. 23 जानेवारी 1968 ला उत्तर कोरियाने घेरलं अन् धरून नेलं, गुप्त कागद नष्ट करायलाही वेळ पुरला नाही. एक खलाशी मेला, बाकीचे 82 जण सुमारे अकरा महिन्यांनी सुटले, जहाज अजून तिकडेच आहे.

दोन्ही कामं एकाच जहाजाने करायची असतील त मला दोन रस्ते पटतात. एक म्हणजे कान जहाजावर ठेवायचेच नाहीत, शटलवर, म्हणजे जहाजातून सुटणाऱ्या छोट्या यानावर ठेवायचे. वुल्फ नावाचं जर्मन जहाज असंच मालवाहूच्या वेषात निघालं होतं, पुढचं पाहायला त्याच्याकडे छोटं समुद्री विमान होतं. याच वुल्फने 1917 मध्ये मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले अन् त्यावर जूनमध्ये मंगोलिया जहाज बुडालं. तेव्हा आपल्याकडच्या समुद्रातही हे सगळं घडून गेलेलं आहे. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: माहिती ऐकून नाही, हिसकावून घ्यायची. 11 नोव्हेंबर 1940 ला अटलांटिस या सोंगाच्या जर्मन जहाजाने ऑटोमेडॉन हे ब्रिटिश जहाज धरलं अन् त्यातून पूर्वेकडच्या संरक्षणाचे अतिगुप्त कागद मिळवले, ते पुढं जपानला मिळाले. गेममध्ये हे करायला ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसं एका जहाजावरून थेट दुसऱ्यावर पाठवायचं यंत्र आहेच, 5 हेक्सच्या आत यायचं, समोरच्याचं तुमच्याकडचं शील्ड पाडायचं, स्वतःचंही उतरवायचं, अन् माणसं पाठवायची. बघा, दोन फोटॉन एका शील्डवर कशाला पाहिजेत ते आता कळलं असेल. क्रूझर बुडवायलाच नको, एक भिंत पाडायची, आतून कागद आणायचे अन् निघायचं. अशा डावात हत्यारं जड असूनही कोणी तक्रार करत नाही, कारण हत्यार चावीसारखं वापरल्या जाते.

बनवताना एक चूक सगळेच करतात तीही सांगून ठेवतो, कार्गो बॉक्स काढून तिथे हत्यारं अन् बॅटरी भरतात. सगळे काढू नका. डॅमेजच्या तक्त्यात कार्गोवर पडणारे मार असतात, ते खायला कार्गो बॉक्स शिल्लक पाहिजेत, नाही त तोच मार पुढं सरकून तुमच्या कामाच्या वस्तूंवर पडतो. क्यू-शिपवालेही पोटात लाकूड भरून ठेवायचे, टॉर्पिडो लागला तरी तरंगत राहावं म्हणून. निम्मे बॉक्स तरी राहू द्या. तपासणीत थोडा खरा मालही दाखवता येते.

पॉइंटचं म्हणाल त मी असं करतो: शीटवरच्या हत्यारांची, इंजिनाची किंमत नेहमीसारखी लावायची, त्यावर सोंगाचे म्हणून चौथा हिस्सा आणखी. पण सोंग फुटल्यावर मारा व्हायच्या आधीच पकडल्या गेलं त तो चौथा हिस्सा समोरच्याला विजयात द्यायचा. पुढच्या वेळी तुम्ही सहा सारख्या नटांनी खेळून पाहा, दोन फोटॉन मागच्या कोनात, निम्मा कार्गो तसाच, ओळखखूण विकत न घेता. अन् पंच असा माणूस बसवा ज्याचा चेहरा वाचता येत नाही, कारण आमच्याकडे दोन-तीनदा पाकिटातलं गुपित नटापेक्षा पंचाच्या डोळ्यातूनच बाहेर पडलं आहे.